वैशालीची गिटार आणि माझं बोट

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. ते आमच्या ओट्यावरच्या चपलांसारखे जमतात. एक पाहुणा येतो, मग दुसरा येतो, कुणी चहाला थांबतो, आणि नंतर दार उघडून बघावं तर पाय ठेवायला जागा नाही! गेल्या थंडीपासून जत्रेपर्यंत आमच्या जुन्नरच्या गल्लीत असंच झालं. फरक एवढाच, की या सगळ्या चपला एकाच पाहुणीच्या मागे आल्या. ती पाहुणी म्हणजे एक जुनी इलेक्ट्रिक गिटार.

"काकू, तुम्हाला एवढं सगळं कसं माहीत?" असं कुणी विचारलं की मला नवल वाटतं. माझ्या आणि वैशालीच्या घरात भिंत एकच, ओटा एकच, नळाला पाणी यायची वेळही एकच. आता मी काय डोळे मिटून भांडी घासू?

*

वैशाली म्हणजे माझी शेजारीण. पस्तिशीला आलेली, पेठेत झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान चालवते. नवरा चाकणला कंपनीत, शिफ्टमध्ये. सासरे येडगावला असतात, त्यांची द्राक्षबाग आहे. माहेर आंबेगाव तालुक्यातलं, महाळुंगे पडवळ.

एका संध्याकाळी ही एसटीतून उतरून घरी आली, तर छातीशी काहीतरी लांबोडकं, गोधडीत गुंडाळलेलं. इतकं जपून धरलेलं की मी हातातला झाडू टाकून पुढे गेले.

"अगं, कुणाचं बाळ आणलंस?"

"बाळ नाही काकू, गिटार आहे. नारायणगावला एक ऑर्केस्ट्रा बंद पडला, त्यांची घेतली. सेकंड हँड."

मी गोधडीचं टोक उचलून बघितलं. रंग उडालेला, पोटाला टवके, कुठल्या तरी जत्रेतला गुलाल अजून फटीत बसलेला. पण पोरीच्या तोंडावर असा आनंद, की मी म्हटलं, "काही का असेना, बारशाला बोलाव हो!"

बारसं केलं तिच्या चुलतभावानं. संतोषनं. त्याची महाळुंग्यात बेंजो पार्टी आहे, लग्नाच्या वरातीत, जत्रेत वाजवतात. तो काही कामानं जुन्नरला आला होता. त्यानं गिटार मांडीवर घेतली, एक तार छेडली आणि तोंड वाकडं केलं.

"ताई, ही गिटार हाय का छपरावरचा पत्रा?"

*

आता खरी गोष्ट सांगते. वैशाली लग्नाआधी पुण्यात शिकत होती तेव्हा गिटार वाजवायची. चांगली वाजवायची म्हणतात. लग्न ठरलं, ती गिटार कुणाला तरी देऊन टाकली. माहेरच्या गावात बायका बोलल्या, "झालं, संपलं हिचं टिंग टिंग." ते हिच्या कानावर गेलं होतं आणि तिथंच बसलं होतं. बोलली कधी नाही. पण गावच्या जत्रेत, त्याच बायकांसमोर, स्टेजवर उभं राहून एकदा वाजवायचं, हे तिनं मनात धरलं होतं.

संतोषनं त्या दिवशी चहाचा कप खाली ठेवला आणि अट घातली.

"चैत्रात जत्रा हाय. तवर हिचा आवाज नीट आला तर स्टेजवर मधी तू. न्हाई आला, तर आपला कीबोर्डवाला हायच. गावासमोर माजं हसं नको, ताई."

"वाजणार," वैशाली म्हणाली.

"तारा बघ की किती वर हायेत! खालून मांजर जाईल."

"मांजर जाऊ दे. वाजणार."

संतोष गेल्यावर मी तारांखाली बोट घालून बघितलं. मांजर नाही, पण उंदीर नक्की गेला असता!

*

तारा वर का, तर म्हणे गिटारीची दांडी वाकलीय. मोबाईलवर एक टकला माणूस इंग्रजीत समजावून सांगत होता, वैशाली मला मराठीत सांगत होती. दांडीच्या पोटात एक लोखंडी सळई असते. डोक्याशी भोक असतं, त्यात सहा कोनी चावी घालून ती सळई आवळायची, की दांडी सरळ. मला त्या माणसाचं टेबल फार आवडलं. धुळीचा कण नाही!

चावी आणायला आम्ही दोघी कांतीशेठच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. शेठची माणसं मूळची राजस्थानची, पण शेठ आमच्यापेक्षा चांगलं मराठी बोलतात. त्यांच्या दुकानाची रीत अशी, की गिऱ्हाइकाला "नाही" हा शब्द ऐकवायचा नाही. काहीही मागा, "आहे, बसा," हेच उत्तर. बापजाद्यांपासून!

गिटार काउंटरवर आडवी. एकीकडे नळाच्या तोट्या, दुसरीकडे खिळ्यांची पोती. शेठ एकेक चावी आणून लावतायत. ही सैल, ती जाते पण फिरत नाही. तोवर मागे गर्दी. एक जण म्हणाला घण मारा. दुसरा म्हणाला ऊन दाखवा, दांडी आपोआप सरळ होईल. तिसरा एक शेतकरी कडेला शांत उभा होता. त्यानं वैशालीला विचारलं, "ताई, ह्यो किती लांब ऐकू जातो?"

"स्पीकरला लावला की लांब जातो."

"मंग शेठ, मलाबी एक द्या. वानरं हाकायला बरं पडंल."

शेवटची चावीसुद्धा बसली नाही. आता शेठ "नाही" म्हणतात की काय, म्हणून सगळं दुकान त्यांच्या तोंडाकडे बघायला लागलं. शेठनी चष्मा पुसला.

"वहिनी," ते मला म्हणाले, "चावी आहे. फक्त ती माझ्याकडे नाही."

*

चावी निघाली वैशालीच्या सासऱ्यांकडे. नानांकडे. औषध फवारायच्या पंपाबरोबर आलेल्या पान्यांच्या पिशवीत! बाजारच्या दिवशी नाना येडगावहून आले, धोतराच्या सोग्यानं चावी पुसली आणि गिटार हातात घेऊन एक डोळा मिटून दांडीवरून असं बघितलं, जसं बागेत खांबांची ओळ बघतात.

"वैशाले, हे तर आपल्या मांडवागत हाय," नाना म्हणाले. "तारा आवळल्या की कडंचा खांब आत झुकतो. मंग त्याला मागून ताण मारायचा. ह्या दांडीलाबी ताण कमी पडलाय."

अहो, वैशालीनं ताडकन मोबाईल बंद केला! टकल्यानं अर्धा तास घेतला होता त्याला, आणि नानांनी दोन वाक्यांत उरकलं. मीही मान डोलावली. द्राक्षाचा मांडव कुणी बघितला नाही आमच्याकडे?

पण मांडव म्हटल्यावर नाना थांबतात होय? सुनेनं सांगितलं, "नाना, थोडंसंच. रोज थोडं थोडं फिरवायचं असतं." ती आत चहा टाकायला गेली. नानांनी चावी लावली आणि तारेवर टिचकी मारत मारत, जसा मांडव आवळतात तसा, ठण्ण आवाज येईपर्यंत पीळ दिला.

वैशाली चहा घेऊन आली तर तारा दांडीवर पार झोपलेल्या. छेडलं की नुसतं चर्रर्र, चर्रर्र. पाल चिरडल्यासारखं.

"नाना, काय केलंत हे?"

नानांनी बशीत चहा ओतला. "काय नाय केलं. आता कितीबी घड लागू दे, खांब हलायचा नाय!"

वैशालीनं कप खाली ठेवला. तारा ढिल्या केल्या आणि दुसऱ्या दिवसापासून रोज दुकानातून आली की चपला काढायच्या आधी चावी घ्यायची, जरासं उलटं फिरवायची, एक डोळा मिटून दांडीवरून बघायची आणि गिटार ठेवून द्यायची. घाई नाही, चिडचिड नाही. मी रोज विचारायचे, "आज?" ती म्हणायची, "आज थोडी उठली." पेशंटची चौकशी करावी तसं चाललं होतं आमचं.

एके दिवशी माझ्या हातात कणीक, आणि भिंतीपलीकडून एक सूर आला. स्वच्छ. घंटेसारखा. मी तशीच कणकेच्या हातानं धावले.

"उठली?"

"उठली, काकू!"

*

उठली खरी, पण एक तार मोकळी सोडली की अजून झिणझिणायची. दांडीच्या डोक्याशी एक पांढरी पट्टी असते, तिच्या खाचांतून तारा जातात. त्यातली एक खाच झिजून खोल झाली होती. टकल्यानं उपाय सांगितला: खाचेत चिमूटभर खायचा सोडा भरा, वर झटपट चिकटणारा गम सोडा, दगडासारखं होतं. मग कानशीनं नवी खाच पाडा.

खायचा सोडा म्हटल्यावर मी कशाला मागे राहते? माझ्या फळीवरचा स्टीलचा डबा घेऊन हजर. चिमूट भरली, गमचा थेंब सोडला, आणि सुर्रकन धूर! नाकाला झोंबला.

"व्हिडिओत एवढा धूर नव्हता," वैशाली म्हणाली.

मी डब्यात बोट घालून चाटून बघितलं. सोडा कुठला? पापडखार! दोन्ही डबे सारखे, दोन्हीत पांढरी पूड. मी कुठं चिठ्ठ्या लावत बसू?

वैशाली डोक्याला हात लावून बसली. मग उठली, कानस घेतली आणि घासायला लागली. म्हणाली, "बसलंय तर बसलंय. बघू तरी." ती पूड अशी कडक बसली होती की कानस घसरत होती. पण ती घासत राहिली, पोरीचा अंगठा लाल झाला, आणि शेवटी खाच पडली. तार लावली, छेडली. झिणझिण साफ गेली!

आमचे हे, म्हणजे माझे मिस्टर, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. दारातून सगळं बघत होते. म्हणाले, "आता एकदा तळूनपण बघा."

*

यानंतर आलं सुराचं दुखणं. मोकळी तार सुरात लागायची, पण दांडीवर बोट वर वर सरकवत नेलं की सूर हळूहळू चढायचा. वैशालीच्या मोबाईलमध्ये सूर बघायचं ॲप आहे. सूर बरोबर लागला की काटा मधोमध येतो आणि सगळं हिरवं होतं. ती ओट्यावर बसून एकेक सूर वाजवायची आणि काटा कधी इकडे, कधी तिकडे. मधोमध म्हणून येईना.

तेवढ्यात गल्लीत घंटागाडी शिरली, कचऱ्याचं गाणं लावून. मोबाईल एकदम हिरवागार!

वैशाली मोबाईलकडे बघते, मी घंटागाडीकडे बघते.

मी म्हटलं, "संतोषला फोन कर. म्हणावं, जत्रेला हिलाच घेऊन येतो!"

उपाय होता. खाली, गिटारीच्या पोटावर, प्रत्येक तारेखाली एक छोटं लोखंडी घोडं असतं. ते स्क्रू फिरवून जरा मागे सरकवायचं. पण स्क्रू सगळे गंजलेले. पोरगी त्या स्क्रूंशी झटत बसली तेव्हा आमच्या ह्यांनी माळ्यावरून जुना कॅन काढला. त्यात रॉकेल होतं. कधीचं होतं, देव जाणे. वर्कशॉपमध्ये ह्यांचा एकच मंत्र: जे हलत नाही त्याला रॉकेल पाजा, आणि जे हलतं त्याला ग्रीस.

रात्रभर भिजले आणि सकाळी सगळे स्क्रू फिरले! वैशालीनं दुकान उघडायच्या आधी बसून एकेक तार जुळवली. काटा मधोमध यायला लागला, खाली आणि वरही. फक्त गिटारीला वास असा यायला लागला की नाना आले तर दारातच थांबले.

"कुनी स्टो पेटवलाय का?"

*

जत्रा जवळ आली. वैशालीनं स्पीकरचा डबा आणला, गिटारीची वायर त्यात लावली आणि खटका दाबला.

घुंऽऽऽऽ!

मोहोळ उठावं तसं. मी ओट्यावरून आत. "काय गं, पिठाची गिरणी टाकलीस का?"

"काकू, गिटार घुमतेय. कशानं तेच कळत नाही."

आता मला एक सवय आहे. नवी वस्तू दिसली की हात लावून बघते. भाजी असो, साडी असो, कुणाची सून असो. मी वाकून गिटारीत वायरची पिन जिथं घुसते, त्या चकचकीत लोखंडावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "हे काय आहे?"

घूं बंद! एकदम शांत. घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली.

मी घाबरून बोट काढलं. घुंऽऽऽऽ! बोट ठेवलं. शांत.

"काकू," वैशाली हळूच म्हणाली, जशी काय मी उडून जाणार होते, "तिथंच थांबा. हलू नका."

आणि तिनं वाजवायला घेतलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा सगळं गाणं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मी स्टुलावर, एक बोट गिटारीला, दुसऱ्या हातानं मांडीवरच्या ताटातले तांदूळ निवडतेय. ती डोळे मिटून वाजवत होती. मला गाण्यातलं काही कळत नाही. पण निवडलेले तांदूळ मी परत खड्यांत टाकत होते, हे मला नंतर कळलं.

मग रोजच हे सुरू झालं. एके दिवशी आमचे हे ओट्यावरून ओरडले, "अगं, आज भाजी आहे की नाही?"

मी आतून ओरडले, "कशी करू? माझा हात गिटारीत अडकलाय!"

बोटावर किती दिवस काढणार? वैशालीनं गिटारीचं पाठचं झाकण उघडलं. घोड्यांच्या खालून एक बारीक वायर येते, तिचा सोल्डरचा डाग निघाला होता. म्हणून बोट लागायचं. तिनं मोबाईल दुरुस्तीवाल्याकडून सोल्डर आणलं. डाग बसायचा, निघायचा. बसायचा, निघायचा. बोटाला चटका बसला, तिनं बोट पाण्यात बुडवलं आणि पुन्हा बसली. शेवटी चिकटला.

"झालं काकू. तुमच्या बोटाची सुट्टी!"

खरं सांगू? मला जरा वाईटच वाटलं.

*

जत्रेच्या दिवशी आम्ही सगळे एसटीनं निघालो. वैशाली, मी, आमचे हे. नाना परस्पर येणार होते. जुन्नरहून मंचर, तिथून पुढे महाळुंगे. गाडीला ही गर्दी. कंडक्टर तिकिटं फाडत आमच्यापाशी आला आणि नाक ओढलं. एकदा, दोनदा.

"बाई, रॉकेल चालत न्हाय गाडीत. खाली उतरा."

"रॉकेल नाही हो, गिटार आहे," वैशाली म्हणाली.

कंडक्टरनं गोधडीला नाक लावलं. मग आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांना त्यानं वर्कशॉपपासून ओळखलं होतं.

"साहेब, तुमी रॉकेल पाजलं व्हय?"

"हो."

"मंग बसा. स्टार्ट व्हईल."

पण त्या गाडीतच घात झाला. गर्दीत कुणाचं तरी कांद्याचं पोतं गिटारीवर टेकलं आणि मंचरपर्यंत खड्ड्याखड्ड्याला तिच्या पोटात धक्के मारत राहिलं. आम्हाला कुठं माहीत?

*

गावाबाहेर घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैलगाडे पळत होते. शेवटची बारी झाली, उन्हं अजून होती, धुरळा खाली बसत होता, आणि माणसं स्टेजकडे वळली. स्टेज म्हणजे दोन ट्रॉल्या एकाला एक जोडलेल्या. वर संतोषची पार्टी, ढोल, ताशा, कीबोर्डवाला. माईकवर घाटातलाच अनाउन्सर, दिवसभर बैलांची नावं घेऊन घसा बसलेला. पुढे बायका बसलेल्या. त्याच. एकीनं दुसरीला कोपर मारलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

वैशालीनं पिन लावली.

घुंऽऽऽऽऽ!

आणि हे घरातल्या डब्यातून नाही, जत्रेच्या कर्ण्यांतून! मागं एक बैल उधळला. पोरं "मोहोळ! मोहोळ!" ओरडत पळाली. वैशालीचा रंग उडाला. डाग पुन्हा निघालेला, आणि सोल्डर जुन्नरला राहिलेलं.

संतोष वाकून तिच्या कानाशी म्हणाला, "ताई, र्‍हाऊ दे. बंद कर. कीबोर्डवर घेतो."

कीबोर्डवाल्यानं बोटं मोडून तयारीसुद्धा केली. वैशालीचा हात पिनेपाशी गेला. तो हात मी बघत होते. पिन काढली की संपलं. पुन्हा ती गोधडी उघडणार नाही, हे मला भिंतीपलीकडून जेवढं कळतं तेवढं स्पष्ट कळलं.

तिनं हात मागे घेतला. गर्दीत बघितलं. मला शोधलं.

"काकू, वर या!"

आता मला सांगा, मी आयुष्यात कधी हळदीकुंकवाला सुद्धा माईकपाशी उभी राहिलेली नाही. पण पदर खोचला आणि ट्रॉलीच्या चाकावर पाय देऊन चढले. आमच्या ह्यांनी मागून ढकललं. कुणीतरी प्लॅस्टिकची खुर्ची दिली. मी वैशालीच्या शेजारी बसले, ऐसपैस, आणि पिनेवर बोट ठेवलं.

घूं बंद!

अनाउन्सरनं माझ्याकडे बघितलं, माझ्या बोटाकडे बघितलं. "ह्या कोन, ताई?"

"साथीला आहेत," वैशाली म्हणाली, आणि वाजवायला लागली.

मी काय वर्णन करू? देवाचं गाणं होतं, गावानं हजारदा ऐकलेलं. पण त्या पत्र्यातून असा आवाज आला, की ताशेवाल्यानं आपला हात हलका केला. मध्ये तिचा एकटीचा तुकडा होता, वर वर जाणारा. कीबोर्डवाल्यानं तिथं हात उचलून मांडीवर ठेवले. एक सूर चढला नाही, एक तार झिणझिणली नाही. खालून नाना ओरडले, "ताण बराबर बसलाय!" आणि त्या दोघी बायका? कोपर मारायचं विसरून गेल्या होत्या.

एवढ्यात माझ्या नाकावर माशी बसली. मी किती सहन करणार? बोट काढून माशी हाकली.

घुंऽऽऽ! पटकन बोट परत. शांत.

मैदानात जो हशा पिकला! अनाउन्सरला तर नवा बैल मिळाला. त्याचा बसलेला घसा एकदम उघडला, "भिर्रर्रऽऽ! बोट उचललं, गिटार सुटली! बोट ठिवलं, गिटार थांबली! काकू, पुन्यांदा व्हऊ द्या!" वैशालीनं माझ्याकडे बघितलं, ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती, आणि तालात मान हलवून मला खूण केली. मग काय! प्रत्येक कडव्याच्या शेवटी ती थांबायची, मी बोट उचलायचे, घुंऽऽ, ठेवायचे, आणि ढोल पडायचा. पोरं नाचली, म्हातारे नाचले, नाना तर ट्रॉलीला धरून नाचले. संतोष माईकवर म्हणाला, "ही माजी ताई हाय!" तीनदा म्हणाला. सगळ्यांना माहीत होतं तरी.

जुन्नरला आल्यावर वैशालीनं पहिलं काम काय केलं, तर सोल्डरचा नादच सोडला. ती वायर घोड्यांच्या स्क्रूखाली घट्ट दाबून बसवली. आता ती गिटार बैलगाड्याला बांधून पळवली तरी घुमायची नाही. साफ आवाज. रोज ऐकते मी, भिंतीपलीकडून.

परवा तिला फोन आला. महाळुंग्याच्या जत्रा कमिटीचा माणूस. वैशाली भाकरी थापत होती म्हणून फोन स्पीकरवर होता, मी काही कान लावायला गेले नव्हते.

"ताई, म्होरल्या जत्रंलाबी तुमीच. संतोषला सांगितलंय, मधी ताईच पायजे. अन् त्या बोटवाल्या काकूस्नीबी घिऊन या. लोकं आत्तापासनं इचारत्यात."

"काका, आता बोटाची गरज नाही," वैशाली अभिमानानं म्हणाली. "वायर पक्की बसवलीये मी. गिटार अजिबात घुमत नाही."

पलीकडे कुणाकुणाची कुजबुज ऐकू आली. मग तो माणूस म्हणाला,

"मंग ती वायर काढून आना!"